आई-बाबांचं खातं गोठवलंय : जुनी आयकर थकबाकी, वसुलीची नोटीस. पुण्यात कुणाकडे जावं?

शेवग्याचं_झाड · सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा काढायची पहिलीच वेळ. थोडं लांब होईल.

गेल्या मंगळवारी आई औषधं आणायला गेली आणि दुकानात कार्ड चाललं नाही. बँकेत विचारायला गेली तर काउंटरवरच्या मुलीने हळू आवाजात सांगितलं, "काकू, खात्यावर इन्कम टॅक्सची नोटीस आलीय, पैसे काढता येणार नाहीत." आई तिथून आनंदनगरपर्यंत चालत घरी आली. रिक्षापुरते पैसे पर्समध्ये होते. म्हणाली, रिक्षाला हात करायचं सुचलंच नाही.

खातं दोघांचं जॉइंट आहे. आई महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झाली, तिची पेन्शन याच खात्यात येते आणि घर त्यावरच चालतं. बाबांचं भोसरीत लहानसं वर्कशॉप होतं, दोन लेथ आणि एक मिलिंग मशीन, सगळं जॉबवर्क. २०१७ मध्ये गुडघ्यांमुळे बंद केलं. आता त्यांचं वय ७४.

बाबांना विचारलं तर काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कपाटाच्या खालच्या खणातून एक पिशवी काढून टेबलावर ठेवली आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले. पिशवीत तीन पाकिटं होती. एक २०१९ चं, उघडलेलं. बाकीची दोन उघडलेलीच नाहीत.

त्यातून आणि पोर्टलवरून मला जे कळलं ते असं. निर्धारण वर्ष २०१५-१६ चं, म्हणजे २०१४-१५ च्या कमाईचं, रिटर्न तपासणीला निघालं होतं. नोटिसा वर्कशॉपच्या पत्त्यावर आणि अकाउंटंटच्या ईमेलवर जात राहिल्या. ते अकाउंटंट २०१६ मध्येच वारले होते. उत्तर गेलं नाही म्हणून डिसेंबर २०१७ मध्ये कलम १४४ खाली एकतर्फी ऑर्डर झाली. बचत खात्यात भरलेली ११ लाखांची रोख हे बाबांचं 'स्पष्टीकरण नसलेलं उत्पन्न' धरलं गेलं. साधारण ३ लाख ४० हजार कर, त्यावर तेव्हापर्यंतचं व्याज, मिळून मागणी ४,५०,३०० रुपये. आता पोर्टलवर व्याजासकट आकडा ८ लाख ८२ हजारांच्या वर दिसतोय.

बाबा कुणाचे पैसे बुडवणारे नाहीत. एवढं नक्की सांगते.

माझे प्रश्न : आईची पेन्शन सुटेल का? आठ वर्षांनी अपील करता येतं का? राहता फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, त्यावर जप्ती येईल का? आणि सगळं ऑनलाइन झालंय म्हणतात, मग समोर बसून बोलायला माणूस कुठे भेटतो?

---

पर्वतीपायथा · सोमवार, रात्री ११:०५

ताई, आधी एक करा. त्या नोटिशीवर डीआयएन, म्हणजे दस्तऐवज ओळख क्रमांक, असेल. आयकराच्या पोर्टलवर लॉगिन न करताही नोटीस खरी की खोटी ते तपासता येतं. १ ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या पत्रांवर हा क्रमांक असावाच लागतो. तुमच्या बाबतीत बँकेनेच सांगितलंय म्हणजे नोटीस खरीच असणार. पण अशा दिवसांत 'अमुक भरा, आजच खातं सोडवून देतो' असे फोनही येतात आणि घाबरलेला माणूस ओटीपी देऊन बसतो. आई-बाबांना आजच सांगून ठेवा.

---

जुना_हिशोबनीस · मंगळवार, सकाळी ६:५०

मुली, मी चौतीस वर्षं करसल्लागारांच्या कचेरीत काढली. आता निवृत्त आहे. वकील नाही, सीए नाही, पण या कागदांचा वास ओळखतो. सविस्तर लिहितो.

वसुली एका दिवसात दारात येत नाही, ती पायऱ्यांनी येते. ऑर्डर झाली की कलम १५६ ची मागणी नोटीस निघते. ती मिळाल्यापासून तीस दिवसांत पैसे भरायचे. त्या तीस दिवसांतच हप्त्यांसाठी किंवा मुदतीसाठी अर्ज करता येतो. दिवस उलटले की माणूस 'कसूरदार' ठरतो आणि कलम २२०(२) चं व्याज सुरू होतं, दरमहा एक टक्का, सरळव्याज. तुमच्या ४,५०,३०० वर महिन्याला ४,५०३. आठ वर्षं म्हणजे शहाण्णव महिने, गुणून बघ, पोर्टलवरचा आकडा जवळपास तोच येईल. त्यापुढे कलम २२१ चा दंड, २२६(३) ची नोटीस, म्हणजे खात्यातले पैसे थकबाकीत वळते करा असं बँकेला सांगणारी, आणि शेवटी कर वसुली अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र. त्यात जंगम-स्थावर मालमत्तेची जप्ती, विक्री, अगदी अटकेचीही तरतूद आहे. तुम्ही २२६(३) वर आहात. फ्लॅटपर्यंत प्रकरण गेलेलं नाही, आणि तुम्ही हालचाल केलीत तर जायची गरजही नाही.

आता आईची पेन्शन. हे आधी सोडवा, बाकीचं नंतर. २२६(३) मध्येच लिहिलंय की जॉइंट खात्यात दोघांचा हिस्सा समान धरायचा, पण *उलट सिद्ध होईपर्यंतच*. म्हणजे खात्यातले पैसे आईचेच आहेत हे पासबुकावरून दाखवता आलं तर ते बाबांच्या थकबाकीत धरता येत नाहीत. शिवाय जॉइंट खात्याच्या बाबतीत नोटिशीची प्रत सगळ्या खातेदारांना पाठवायची असते. आईंना ती आली का, हेही अर्जात विचार. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये स्थानिक संस्थांच्या निवृत्तांच्या पेन्शनला जप्तीपासून संरक्षण आहे, तोही मुद्दा घाल. खात्यात जमा झाल्यावर ते संरक्षण टिकतं का यावर वाद होतो, म्हणून एकट्या त्याच मुद्द्यावर उभी राहू नकोस. 'हे पैसे माझे आहेत आणि मी कुणाची देणेकरी नाही' हे आईचं म्हणणं त्याहून भक्कम आहे. अर्ज आईच्या सहीने वेगळा दे.

माणूस कुठे भेटतो? तपासणी आणि पहिलं अपील चेहराविरहित, म्हणजे अधिकारी समोर न येता ऑनलाइन, झालं असलं तरी वसुली तुमच्या हद्दीच्या अधिकाऱ्याकडेच असते. पोर्टलवर 'नो युवर एओ' (आपला कर अधिकारी कोण) मध्ये पॅन टाक, वॉर्ड कळेल. पुण्यात बरीचशी कार्यालयं गुलटेकडीला सॅलिसबरी पार्कच्या बोधी टॉवरमध्ये, आयकर सदनात आहेत. काही स्वारगेटला पीएमटी बिल्डिंगमध्ये. जाताना अर्जाच्या दोन प्रती ने. एक आयकर सेवा केंद्राच्या खिडकीवर दे, दुसरीवर आवक शिक्का घे. शिक्का घेतल्याशिवाय परत फिरू नकोस.

अपिलाचं दुपारी लिहितो. डोळे दुखतात एवढं टाइप करून.

---

निळं_फाटक · मंगळवार, सकाळी ९:१५

माझा व्यवहारी सल्ला. फ्लॅट आधी आईच्या एकटीच्या नावावर बक्षीसपत्राने करून टाका. मग काय जप्त करतील? आमच्या नात्यात एकांनी तसंच केलं होतं.

---

जुना_हिशोबनीस · मंगळवार, दुपारी १:३०

निळं फाटक, तुमचा हेतू चांगला आहे, पण असं कृपा करून करू नका, आणि कुणाला सांगूही नका. कलम २८१ नुसार थकबाकी असताना केलेलं असं हस्तांतर सरकारपुढे टिकत नाही. कलम २२२ च्या स्पष्टीकरणात तर पत्नी, सून, अज्ञान मूल यांना पुरेशा मोबदल्याशिवाय दिलेली मालमत्ता थकबाकीदाराचीच धरायची असं स्वच्छ लिहिलं आहे. स्टॅम्प आणि नोंदणीचा खर्च वाया जाईल ते वेगळंच. आज हा माणूस कागद न पोचल्यामुळे अडकलेला आहे. बक्षीसपत्र केलं की त्याच क्षणी तो मालमत्ता लपवणारा दिसायला लागेल. ७४ वर्षं कमावलेलं नाव असं घालवायचं नाही.

आता अपील. मुदत ऑर्डरसोबतची मागणी नोटीस मिळाल्यापासून तीस दिवस. उशीर झाला असला तरी पुरेसं कारण दाखवलं तर आयुक्त तो माफ करू शकतात. फॉर्म ३५ ऑनलाइन भरायचा, फी एक हजार रुपये, सोबत उशीरमाफीचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र. दुसरा रस्ता कलम २६४ चा, प्रधान आयुक्तांकडे पुनरीक्षण, त्याची मुदत एक वर्ष. तिथेही उशीर माफ होऊ शकतो. पण दोन्ही एकदम चालत नाहीत. कोणता घ्यायचा हे सीएबरोबर बसून ठरवा.

एक गोष्ट मोठ्या माणसाच्या हक्काने सांगतो. २०१९ चं पाकीट उघडलेलं आहे. म्हणजे थकबाकी आहे हे बाबांना तेव्हा कळलं होतं. प्रतिज्ञापत्रात 'आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं' असं लिहू नका. लिहिण्याचा मोह होईल, एखादा सल्लागारही म्हणेल. खरं आहे तेच लिहा : मूळ ऑर्डर हातात कधी पडली नाही, २०१९ ला थकबाकीचं पत्र आलं, अकाउंटंट गेलेले, वय, आजारपण, पत्राचा अर्थ समजला नाही, भीती वाटली. दवाखान्याचे कागद जोडा. विभागाकडून मूळ ऑर्डरची प्रमाणित प्रत आणि ती बजावल्याचा पुरावाही मागा. ऑर्डर रीतसर बजावलीच गेली नसेल तर मुदत कधीपासून मोजायची हाच प्रश्न उभा राहतो.

---

वाकडवरून · मंगळवार, संध्याकाळी ७:५०

शेवग्याचं झाड, बाबांवर रागावू नका हे सांगायला आले होते. पाकिटं न उघडणं म्हणजे काय असतं ते मी भोगलंय.

माझी थकबाकी माझी नव्हतीच. २०१३-१४ मध्ये ज्या कंपनीत होते तिने पगारातून टीडीएस कापला आणि सरकारकडे भरलाच नाही. नंतर कंपनीच बंद पडली. माझ्या नावावर १ लाख ३८ हजारांची मागणी उभी राहिली. दरवर्षी रिफंड यायचा तो कलम २४५ खाली त्यात वळता व्हायचा. पहिली दोन वर्षं मी पोर्टलच उघडलं नाही. उघडलं की पोटात कालवायचं.

मग एका मैत्रिणीने कलम २०५ दाखवलं. पगारातून कर कापला गेला असेल तर तेवढ्या रकमेसाठी करदात्याकडे पुन्हा मागणी करता येत नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १ जून २०१५ च्या पत्रात आणि मार्च २०१६ मध्ये पुन्हा अधिकाऱ्यांना हेच सांगितलंय, की अशा मागणीसाठी करदात्यावर सक्ती करू नये. मी दुरुस्तीचा अर्ज केला, तो फेटाळला गेला, कारण २६एएस मध्ये, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात, टीडीएस दिसत नव्हता. दुसऱ्यांदा केला, तोही गेला. मग पगाराच्या बारा स्लिपा, नेमणूकपत्र आणि निव्वळ पगार जमा झाल्याचं बँकेचं स्टेटमेंट घेऊन स्वतः अधिकाऱ्यांसमोर जाऊन बसले. त्यांनी एकेक स्लिप बोट ठेवून तपासली. सक्तीची वसुली थांबली. अडकलेले रिफंड सुटायला आणखी दीड वर्ष गेलं, आयकराच्या ई-निवारण या तक्रार सुविधेवर चार तक्रारी झाल्या.

कुणी जुनी नोकरी सोडत असाल तर पगाराच्या स्लिपा घरी ठेवा. कंपनीच्या पोर्टलवर त्या आपल्यासाठी थांबत नाहीत.

---

रास्तापेठी · मंगळवार, रात्री ९:२०

अशा जुन्या बाक्यांसाठी सरकार सवलत योजना आणतं ना? 'विवाद से विश्वास' वगैरे. थांबून पाहायला काय हरकत?

---

जुना_हिशोबनीस · बुधवार, सकाळी ७:०५

थांबून पाहायला महिन्याला ४,५०३ रुपये लागतात. शिवाय २०२४ ची ती योजना मुख्यतः ज्यांचा वाद २२ जुलै २०२४ रोजी अपिलात प्रलंबित होता त्यांच्यासाठी होती. अपीलच न केलेल्याला दारच नव्हतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये छोट्या जुन्या मागण्या माफ झाल्या त्या निर्धारण वर्ष २०१०-११ पर्यंत प्रत्येकी २५ हजारांपर्यंतच्या, आणि २०११-१२ ते २०१५-१६ साठी प्रत्येकी १० हजारांपर्यंतच्या. इथे बसत नाही. पण धागा वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या आईवडिलांच्या नावावर दोन-चार हजारांची जुनी बाकी दिसायची त्यांनी पोर्टल उघडून पाहा, कदाचित गेलेली असेल.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू, त्यात कलमांचे आकडे वेगळे. बाबांचं वर्ष जुनं आहे, ते जुन्याच कायद्याखाली चालेल.

---

नारायणपेठ_खालची_आळी · बुधवार, सकाळी ११:४०

विषय थोडा वेगळा, पण दुखणं तेच. आमच्या वाड्याचा मिळकतकर. चुलते-पुतणे धरून पाच हिस्से आणि 'तो भरेल' असं प्रत्येकाला वाटत राहिलेलं. आजोबांच्या नावाचं बिल यायचं, कुणीतरी ते दिंडी दरवाज्याच्या फटीत खोचून ठेवायचं. सहा वर्षं.

आयकराला महिना एक टक्का, महापालिकेच्या मिळकतकराला महिना दोन टक्के शास्ती. वर्षाला चोवीस. गृहकर्ज याच्या निम्म्याहून कमी दराने मिळतं! मूळ कर १ लाख ८ हजार होता, शास्ती पंचाहत्तर हजारांवर गेली. थकबाकीदारांच्या दारात बँड वाजलेला पुण्याने पाहिला आहे. आमच्या दारात वाजायच्या आधी जप्तीच्या वॉरंटाची पूर्वसूचना आली, आणि थोरल्या काकूंनी सगळ्यांना एका रविवारी वाड्यात बोलावलं.

बसून बिल वाचलं तेव्हा कळलं की स्वतः राहणाऱ्यांना मिळणारी ४० टक्के सवलत आमच्या बिलातून गेलेली होती. पुण्यात ती १९७० पासूनची. मध्यंतरी ती बंद होऊन अनेकांना वाढीव बिलं आली, २०२३ मध्ये राज्य सरकारने ती परत दिली. पण ज्यांची काढली गेली होती त्यांना पीटी-३ अर्ज भरून आपण तिथे स्वतः राहतो हे दाखवावं लागलं. आम्ही वीजबिल, रेशनकार्ड जोडून अर्ज केला आणि भरायची रक्कम 'हक्क अबाधित ठेवून' भरली. म्हणजे वाद चालू राहिला, पण शास्तीचं मीटर थांबलं.

पैसे धाकट्या काकांनी एकट्याने भरले. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर पाचही जणांनी लिहून दिलं की वाड्याचा विकास होईल तेव्हा हे आधी काकांना देऊ. भाऊबंदकी असलेल्या घरांनी एवढं तरी करावं. कारण बाकी असली की नाव लावण्यापासून सगळीच कामं अडतात.

---

लक्ष्मीरोड_कापडवाले · बुधवार, दुपारी ३:१०

जीएसटीवाल्यांसाठी एक ओळ. थकबाकीला जास्तीत जास्त २४ मासिक हप्ते मिळू शकतात, डीआरसी-२० फॉर्मवर अर्ज करून. पण रिटर्नमध्ये आपणच कबूल केलेल्या कराला हप्ते नाहीत. आणि एक हप्ता चुकला की उरलेली सगळी रक्कम एकदम अंगावर येते. झेपतील तेवढेच हप्ते मागा.

---

मुठेकाठची · बुधवार, संध्याकाळी ६:००

एक भीत भीत विचारते. अशी बाकी असताना वडील गेले तर ती मुलांवर येते का? आमच्याकडे तसंच झालंय. बँकेतून फोन येतात, मला रात्री झोप नाही.

---

जुना_हिशोबनीस · बुधवार, रात्री ८:२५

नाही बाळ, तुझ्या कमाईवर येत नाही. कलम १५९. वारसावर जबाबदारी येते ती वडिलांकडून आलेल्या मालमत्तेपुरती. त्यांनी मागे दोन लाख ठेवले असतील आणि बाकी पाच लाखांची असेल तर तुझी मर्यादा दोन लाख. फक्त बाकी आहे हे ठाऊक असताना ती मालमत्ता विकून किंवा वाटून टाकू नकोस, नाहीतर तेवढ्यापुरती जबाबदारी तुझ्या अंगावर येते. पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी कर आणि काय काय मिळालं त्याची यादी करून उत्तर दे. आणि कर विभागाची बाकी असेल तर बँकेतून फोन कशाला येतील? तो बँकेच्या कर्जाचा विषय असेल. दोन्ही कागद वेगवेगळे करून बघ. आज झोप.

---

शेवग्याचं_झाड · शुक्रवार, रात्री ९:५०

सगळ्यांना काय म्हणू कळत नाही. गुरुवारी आणि आज गेले होते.

गुरुवारी आई बरोबर आली. तिच्या सहीचा अर्ज, २०१८ पासूनची पासबुकं, पेन्शनचा आदेश. अधिकारी मॅडम तरुण होत्या. त्यांनी आईला आधी बसायला सांगितलं. पासबुकात फक्त दोनच प्रकारची जमा आहे, आईची पेन्शन आणि बाबांच्या एफडीचं थोडं व्याज. त्यांनी हिशोब मांडला, बाबांच्या व्याजाचे ३१ हजार धरून ठेवायचे आणि बाकीचं मोकळं करायचं असं बँकेला पत्र दिलं. ऑर्डरची प्रमाणित प्रतही मिळाली.

वसुली थांबवण्याबद्दल त्या म्हणाल्या, अपीलच नाही तर मी कशाच्या आधारावर थांबवू? अपील करा, त्याची पोच आणि अपील चालू असेपर्यंत वसुली थांबवण्याचा कलम २२०(६) चा अर्ज आणा. साधारणपणे वादातल्या मागणीच्या २० टक्के भरायला सांगतात. ४,५०,३०० चे ९०,०६०. तेवढे एकदम नाहीत.

---

जुना_हिशोबनीस · शुक्रवार, रात्री १०:१५

छान झालं. २० टक्के ही प्रत्यक्ष कर मंडळाची जुलै २०१७ ची सर्वसाधारण सूचना आहे, काळ्या दगडावरची रेघ नव्हे. परिस्थिती पाहून कमी करता येतात, हप्तेही देता येतात. उत्पन्न, औषधांचा महिन्याचा खर्च, वय, सगळं आकड्यांत मांडून हप्ते माग. तोंडी नको. नकार आला तर प्रधान आयुक्तांकडे फेरविचाराचा अर्ज करता येतो.

भरताना चलनावर 'रेग्युलर असेसमेंट टॅक्स (४००)' हाच प्रकार निवड. लोक घाईत ३०० निवडतात, ते स्वयंनिर्धारण. पैसे सरकारात जातात, पण मागणी तशीच उभी राहते आणि पुन्हा पत्रं येतात.

अपील जिंकलात तर त्यावरचं २२०(२) चं व्याजही त्या प्रमाणात जातं आणि भरलेले पैसे व्याजासह परत येतात. पूर्ण नाही जिंकलात, तरी २२०(२ए) खाली व्याजमाफी मागता येते. त्याला तीन अटी : खरी अडचण, हाताबाहेरची कारणं, आणि चौकशीत केलेलं सहकार्य. हे सहकार्य आजपासूनच नोंदलं जातंय असं समज.

---

भोसरी_टर्नर · शनिवार, सकाळी ८:३०

ताई, मीपण लेथवाला. तुमच्या बाबांच्या पिढीकडून शिकलो. ११ लाखांची रोख कुठून आली ते मला न पाहता सांगता येतं. छोटी वर्कशॉपं एकमेकांना शनिवारी रोख देतात, पगार वाटायचा असतो म्हणून. मोठी कंपनी चेक देते आणि १ टक्का टीडीएस कापते. त्यामुळे २६एएस काढा, कलम १९४सी, म्हणजे कंत्राटी कामावरचा टीडीएस, त्याखाली किती काम झालं ते दिसेल. मग रिटर्नमध्ये बाबांनी एकूण उलाढाल किती दाखवली ते बघा. उलाढालीतून चेकचं काम वजा केलं की रोख उरते. ती ११ लाखांच्या आसपास आली तर ते लपवलेलं उत्पन्न कसं होईल? आधीच दाखवलेला धंदाच आहे तो.

बिलबुकं आणि डिलिव्हरी चलनं फेकली नसतील. आमच्यात कुणी फेकत नाही.

---

शेवग्याचं_झाड · शनिवार, सकाळी ११:२०

भोसरी टर्नर दादा, हात थरथरत लिहितेय.

रिटर्न कलम ४४एडी खालचं आहे, म्हणजे छोट्या धंद्याच्या उलाढालीवर ठरावीक टक्के नफा धरायचा ते. उलाढाल १९ लाख ४० हजार, आठ टक्के नफा. कर काहीच बसत नव्हता, ७,८०० रुपयांचा टीडीएस परत मिळावा म्हणून भरलेलं. २६एएस मध्ये चेकचं काम बरोबर ७ लाख ८० हजार. वजा केले तर ११ लाख ६० हजार उरतात!

बाबांना कागदावर करून दाखवलं. ते कितीतरी वेळ त्या वजाबाकीकडे बघत बसले. मग म्हणाले, "चेक करंट खात्यात, रोख सेव्हिंगमध्ये. अकाउंटंट म्हणायचे, तसं नको करू." आणि पहिल्यांदा माझ्याशी डोळे मिळवून बोलले.

---

जुना_हिशोबनीस · शनिवार, दुपारी १२:०५

हे अपिलाचं मुख्य कारण. पहिल्या पानावर घ्या.

---

शेवग्याचं_झाड · तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८:४५

बँकेचं खातं सुटलं. पत्र मिळूनही शाखेला सहा दिवस लागले. रोज जाऊन उभी राहिले तेव्हा झालं. आईने पहिल्यांदा औषधांची उधारी फेडली.

फॉर्म ३५ दाखल झाला. प्रतिज्ञापत्रात २०१९ च्या पाकिटाचं खरं तेच लिहिलं. सीए आधी साशंक होते, बाबा म्हणाले तसंच लिहायचं. ९०,०६० चे सहा हप्ते मंजूर झाले, प्रत्येकी १५,०१०, लेखी. पहिला काल ४०० खाली भरला. हप्ते वेळेवर गेले तर अपिलाचा निर्णय होईपर्यंत बाकीची वसुली स्थगित. सुनावणीची नोटीस आता माझ्या ईमेलवर आणि मोबाइलवर येईल, पोर्टलवरचा पत्ताही बदलला.

माळ्यावरून बिलबुकं काढली. त्या वर्षाची बारा असायला हवीत, अकरा सापडली. ऑगस्टचं नाही. बाबांना आठवतंय की ते एका गिऱ्हाइकाकडे हिशोब जुळवायला दिलं होतं आणि परत आणायचं राहिलं. त्यांचं वर्कशॉप अजून तिथेच आहे. उद्या सकाळी दहाच्या बसने बाबा भोसरीला जाणार आहेत. आठ वर्षांत पहिल्यांदा. मी रजा टाकलीय, बरोबर जातेय.

भोसरी टर्नर दादा, तुम्ही उद्या तिकडे असाल तर कळवा. बाबांना तुम्हाला भेटायचंय.